निधान

माझ्या हातात कात्री असली की यरगट्टी सर कन्नडातच बोलायचे.
‘निधान, तायी, निधान.’
म्हणजे सावकाश.
मी खानापूरची, मराठी शाळेतली.
माझ्या कानाला ते ठेव्यासारखं ऐकू यायचं,
जमिनीत पुरलेलं,
उकरताना पहार लागू नये असं काही.

शैलजा सदलगेच्या गळ्यात ते होतंच.
निपाणी स्टँडवर बावीस वर्षं ती गाड्या पुकारते,
आधी कन्नड, मग मराठी,
हुक्केरी, संकेश्वर, कागल, गडहिंग्लज.
दोन्ही भाषांत गाडी तेवढीच उशिरा.
सही करताना तिनं एकच विचारलं,
‘आवाज जातोय काय ओ?’
शंभरात एखाद्याचा, मी म्हटलं.
‘म्हणजे दोन गाड्यांत एक माणूस.’
हिशेब बरोबर होता.

थायरॉइडच्या मागं, श्वासनलिकेच्या खाचेत
नस असते, शिवणाच्या दोऱ्याएवढी, पांढरी.
रक्तवाहिनीच्या कधी वरून जाते, कधी खालून,
पुस्तकातल्या चित्राशी तिचं फारसं जमत नाही.
दिसली.
मी कात्री खाली ठेवली, श्वास सोडला,
आणि गाठ वर उचलताना ती ताणली गेली.
अर्धा सेकंद? एक?
नोंदीत लिहिलं: नस पाहिली, राखली.
दोन्ही खरं.
ताणाला रकाना नाही.

शुद्धीवर आल्यावर म्हटलं, ‘ई’ म्हणा.
वारा आला नुसता,
फाटक्या पत्र्यातून येतो तसा.

त्याच आठवड्यात मल्लाप्पा हुद्दार,
साखर कारखान्याच्या काट्यावरचे.
मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला, टोकं जोडली,
पोटात पाणी भरून खालून हवा सोडली,
पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बघतो तसं वाकून बघितलं.
एक बुडबुडा नाही.
तिसऱ्या दिवशी त्यांनी वारा सरल्याची बातमी
अख्ख्या वॉर्डाला दिली,
बायकोनं पेढे आणायचंही काढलं होतं.
पाचव्या दिवशी नाडी एकशे वीस,
नळीतून गढूळ.
पुन्हा पोट उघडलं.
टाके जिथल्या तिथं होते,
मधलं मांसच विरलं होतं.
माझी गाठ सुटली नव्हती,
एवढंच मी घरी जाऊन स्वतःला सांगितलं,
दोनदा.
आता त्यांच्या कमरेला पिशवी आहे.
‘काटा माझ्याकडंच आला की,’ म्हणतात, ‘रोज वजन.’

शैलजाबाईंचे ओठ दुसऱ्या रात्री झिणझिणले,
बोटं आखडून हाताची चोच झाली.
मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात तिथं, चरबीसारख्याच पिवळट.
त्यातली एखादी गाठीबरोबर गेली असेल,
किंवा रुसली असेल.
गालावर टिचकी मारली, ओठ उडाला.
कॅल्शियम शिरेतून द्यायचं ते दहा मिनिटं घेऊन,
घाई केली तर हृदय थांबतं.
पिचकारी हातात, डोळे मॉनिटरवर,
खोलीत मी आणि ती,
आणि कुणी न बोललेलं
निधान, निधान.
अंगठा दुखेपर्यंत मी तो शब्द
दोन्ही भाषांत एकदमच ऐकत होते.

सरांना फोन केला होता, पहाटे.
ते आता गोकाकला असतात, ऐकू कमी येतं.
मी सगळं सांगितलं. नस, आतडं, ताण.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, ‘ऊटा आयता?’
जेवलीस का.

चार महिन्यांनी कोल्हापूरला जाताना निपाणीत उतरले.
कर्ण्यातून कोवळी पोरगी बोलत होती.
चौकशीच्या खिडकीत मात्र शैलजाबाई.
‘दुपारी माझी पाळी असते,’ म्हणाल्या.
आवाज खाली उतरलेला, कडेला खरवडलेला,
वरची पट्टी गेली ती गेलीच.
‘पूर्वी ओरडत होते, आता माईक तोंडाशी धरते.
लोक उलट गप्प बसून ऐकतेत.’
ते माझ्यासाठी म्हणाल्या की खरंच, कळलं नाही.
मग वही पुढं सरकवून,
‘ती सकाळची गोळी अजून किती दिवस ओ?’

जन्मभर, मी म्हटलं.
‘बरं,’ म्हणाल्या,
आणि घड्याळ बघून माईक ओढला.